काचबाई आणि मलमलीआडची आई

आरशात नाहीतर घागरीतल्या पाण्यात दिसेल तेवढंच तोंड माणसाला ठाऊक असायचं, त्या काळातली ही गोष्ट. नीट बसा आणि ऐका. आपलं धामणटाकं तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. घाटाच्या पायथ्याला चार आळ्या, एक टाकं आणि गुरुवारचा बाजार, संपलं गाव. पण त्या बाजाराला लांबलांबची माणसं यायची, आणि मिरच्या-गूळ घेऊन झालं की एका घरापुढं माना वर करून उभी राहायची. कारण त्या घराचं अर्धं छप्पर काचेचं होतं.

त्या घरात चिमणाबाई जिनगर राहायची. गावानं तिचं नाव पाडलं होतं काचबाई. तिचा नवरा फोटो काढायचा, आणि फोटोमागचे पडदे रंगवायचा. पडद्यावर कारंजी, महाल, आणि बदकाएवढा मोर. माणूस हौशी होता, पण आयुष्याची दोरी आखूड. बायकोला सगळं काम शिकवलं आणि तापानं गेला. मागं उरला तीन पायांचा लाकडी कॅमेरा, आणि फोटोला उजेड मिळावा म्हणून घातलेलं ते काचेचं छप्पर. लोक म्हणाले, आता बाई हे खटलं विकून माहेरी जाईल. बाई कुठली जाते! तेराव्याचे पाहुणे वळले तशी ती शिडी लावून छपरावर चढली आणि काचा पुसायला लागली.

आता, फोटो काढला की आयुष्य घटतं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. त्यात परक्या पुरुषासमोर तोंड उघडं टाकून बसायचं म्हणजे बायकांना शक्यच नव्हतं. पण समोर बाईमाणूस आहे म्हटल्यावर एकीनं धीर केला, मग दुसरीनं. आणि मग काय विचारता! कुणी नथ घालून आली, कुणी शेजारणीचे गोठ मागून आली. एक तर म्हैस घेऊन आली, म्हणाली, हिच्याशिवाय माझा फोटो म्हणजे अर्धाच. काचबाईनं दोघींचा काढला. असं म्हणतात की ती म्हैस फोटो होईस्तोवर शेपूटसुद्धा हलवायची थांबली होती.

हलायचं नाही, हीच तर त्या कामातली मोठी गोम होती. काचबाई कॅमेऱ्याचं टोपण काढायची आणि ओव्या गुणगुणायला लागायची. ओवी संपली की टोपण परत लावायचं. ढगाळ दिवसाला सीतेचा अख्खा वनवास, लख्ख उन्हाला भावाची एकच ओवी. तेवढा वेळ समोरच्यानं दगडासारखं बसायचं. असं म्हणतात की तिची ओवी चालू असली की बाहेरच्या बाजारातले भाव करणारेसुद्धा गप्प व्हायचे.

पण तान्ही बाळं? त्यांना कोण सांगणार, हलू नका म्हणून! त्यावर त्या वेळच्या फोटोवाल्यांची एक ठरलेली युक्ती होती. खुर्चीवर आईला बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी मलमल टाकायची, आणि वरून मांडीवर बाळ ठेवायचं. आईची ऊब लागली की बाळ शांत. फोटोत दिसायचं असं, की बाळ कापड घातलेल्या खुर्चीवर ऐटीत एकटं बसलंय. नवऱ्यानं शिकवलं तसं काचबाईही करत आली. त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलं नाही, आणि झाकून बसणाऱ्या बायकांनाही वाटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात निकमांची ठकूबाई आली. ही बाई म्हणजे जळता निखारा. तिचा एकुलता एक लेक पलटणीत होता, आणि पलटण लढाईवर साता समुद्रापार बसऱ्याला गेली होती. तो गेला तेव्हा त्याची बायको गोजरा पोटुशी होती. आता लेक झाली होती, अन्शी, आणि बापानं तिकडून कळवलं होतं, पोरीचं तोंड बघायचंय. म्हणून म्हातारी सुनेला आणि नातीला घेऊन आली होती.

काचबाईनं गोजरेकडं पाहिलं. सावळी, कपाळावर गोंदण, हसू आवरत नाही अशा तोंडाची पोर. काचबाई म्हणाली, मायलेकींचा एकत्रच काढूया, पोराला बायकोचंही तोंड दिसेल. ठकूबाई कडाडली. हा फोटो किती हातांतून जाणार, बोटीवरचे, पलटणीतले, कुठले कुठले गोरे बघणार, आणि निकमांच्या सुनेचं तोंड सगळ्यांनी बघायचं? पोरीचा काढायचा, सून झाकायची.

काचबाई वाद घालायला तोंड उघडणार, तोवर गोजराच मलमल ओढून घेत बोलली.

"राहू द्या, बाई. त्यांना लेक दिसली म्हंजे झालं. माझा काय, सुगी झाली की येते निवांत. तवा काढा."

गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत कशाला पडा, असा विचार काचबाईनं केला. मलमल नीट केली, मांडीवर अन्शीला ठेवलं. काचेखाली ऊन मी म्हणत होतं. कापडाच्या आत गोजरा घामानं निथळत होती, तरी लेकीसाठी हळू आवाजात हूं हूं करत होती. भावाची एक ओवी झाली, टोपण लागलं. फोटो झकास आला. बाळ टपोऱ्या डोळ्यांनी बघतंय, आणि मागं पांढऱ्या कापडाचा ढीग.

त्या साली सुगी झाली, पण गोजरा आली नाही. मानमोडीचा ताप आला होता. घरटी माणूस उचलून नेत होता तो. गोजरेला त्यानं नेलं तेव्हा अन्शीला आई म्हणतासुद्धा येत नव्हतं. आणि लढाई संपून पलटण परतली तेव्हा निकमांच्या घरी लेकाऐवजी त्याची पेटी आली. पेटीत धुतलेले कपडे होते, आणि तो फोटो होता. हाताळून हाताळून त्याच्या कडा मऊ पडल्या होत्या.

अन्शी आजीजवळ वाढली. तो फोटो देव्हाऱ्याशेजारी लावलेला असायचा. पोर चालायला-बोलायला लागली तशी विचारायला लागली, आई कशी होती? आजी काय सांगणार? नाक असं, डोळे असे, सांगून का तोंड दिसतं! आणि पोरं मोठी वाईट असतात हो. एकानं तो फोटो पाहिला आणि आळीभर ओरडत सुटला, अन्शी गाठोड्याची लेक, अन्शी गाठोड्याची लेक. पोर जेवेना झाली. फोटोपुढं बसून त्या कापडाकडं टक लावून बघायची. कधी बोटानं ते कापड बाजूला सारायला बघायची.

एवढी तिखट ठकूबाई, पण ते बोट पाहिलं तशी हातातलं काम टाकून उठली. नातीचा हात धरून ती काचबाईच्या दारात आली. आयुष्यात कुणापुढं न वाकलेली म्हातारी उंबऱ्यावरच बसली.

"मीच झाकायला लावलं गं हिच्या आईला," ती म्हणाली. "तुझ्या काचेत ती कुठं ऱ्हायली असंल तर काढ. मी मागत न्हाई, ही पोर मागती."

काचबाईचा चेहरा उतरला. तिला सुगीचा वायदा आठवला. झाकायला लावलं म्हातारीनं, पण मलमल नीट केली ती आपल्या हातांनी, हे तिला सलत होतंच. तिनं त्या दिवशीची काच शोधून काढली. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा, आणि सगळा उलटा. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. मग ती काच कागदावर ठेवून उन्हात धरायची, म्हणजे ऊन काचेतून झिरपून कागदावर सुलट फोटो उमटवायचं. अन्शीच्या काचेवर ती पांढरी मलमल म्हणजे काळाकुट्ट डाग होता. काचबाईनं काच उजेडासमोर धरली, फिरवली, तिरकी केली. काही दिसेना. ती नाही म्हणणार होती. पण अन्शी समोर उभी होती, आणि तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मग काचबाईनं कधी केलं नव्हतं ते केलं. एरवी बाळाचं तोंड झकास उमटलं की ती कागद लगेच सावलीत घ्यायची. जरा उशीर झाला की फोटो काळा पडायचा, वाया जायचा. जन्मभर ती हेच सांभाळत आली होती. त्या दिवशी तिनं काच-कागद अंगणातल्या उन्हात मांडले आणि उचललेच नाहीत. बाळ उमटलं. मग करपल्यासारखं झालं. ठकूबाई हळहळली, अगं पोर जळाली की! काचबाई म्हणाली, जळू दे, अजून मलमल जळायचीय.

असं म्हणतात की त्या दिवशी सूर्य काचेच्या छपरावर येऊन थबकला. घाटावर ढग दाटले होते, ते वाटेतच थांबले. बाजारात मापाडी माप विसरले, टाक्यावरच्या बायका घागरी तशाच ठेवून आल्या, आणि अख्खं गाव अंगणाभोवती गोळा झालं. काचबाई त्या काचेशेजारी बसून ओव्या म्हणत होती. सीतेचा वनवास संपला, रामाचं राज्य संपलं, लवकुशांची लग्नं झाली, तिच्या ओव्या संपल्या. मग जमलेल्या बायकांनी एकेक करून आपल्या आपल्या ओव्या दिल्या. ऊन काही हललं नाही.

बऱ्याच वेळानं काचबाईनं कागद काढला. फोटो पक्का करायच्या मसाल्याच्या पाण्यातून धुतला, आणि अन्शीच्या हातात दिला.

कागदावर खाली, जिथं बाळ होतं, तिथं नुसता काळा आकार उरला होता. पण वर मलमल होती, तिथं ऊन शेवटी पोचलं होतं. भर उन्हाळ्यातला तो घाम, त्यानं कापड गोजरेच्या तोंडाला चिकटलं होतं. तेच आता उमटलं होतं. कपाळ, नाक, आवरता न येणारं ते हसू. मान जराशी खाली, बाळाकडं. झाकलेल्या बाईला कुणी बघत नाही म्हणून तीही कुणाकडं बघत नव्हती, आपल्या लेकीकडं बघत होती.

ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. अशीच बघायची, ती म्हणाली.

काचबाई अन्शीजवळ खाली बसली. तिला पोरीची माफी मागायची होती, पण वेगळंच बोलली. "बाळ, दोघींना एका उन्हात न्हाई गं आणता आलं मला. तू यात काळी पडलीस."

अन्शीनं कागदावरून मान वर केली नाही.

"मला कशाला आणायचं?" ती म्हणाली. "मी हाय की हितं."

असं म्हणतात की तेव्हा कुठं सूर्य हलला, आणि ढग पुढं सरकून अंगणात दोन थेंब पडले. मी म्हणेन, थेंब वरून पडले का तिथं उभ्या बायकांचे होते, कोण बघायला गेलं होतं! पण गाठोड्याची लेक असं त्या दिवसानंतर कुणी म्हणालं नाही.

काचबाईनं त्यानंतर कुठल्याही बाईवर कापड टाकलं नाही. बाळाचा फोटो हवा तर आईचं तोंड उघडं हवं, नाहीतर दुसरीकडं जा, असं ती सरळ सांगायची. पुष्कळ घरं रुसली, काही दिवस तर दारात कुत्रं फिरकेना. मग ठकूबाई निकम येऊन तिच्या उंबऱ्यावर बसायला लागली. कुणी सासू तणतणत आली की म्हातारी तिच्याशी असली भांडायची, की सासू थकून आत जायची आणि सून पदर मागं सारून खुर्चीवर बसायची. काचबाई म्हातारी होऊन गेली, ठकूबाई गेली. काचेचं छप्पर एका गारपिटीत गेलं, तिथं आता दुधाची डेअरी आहे.

पण धामणटाक्यात बाळाचा पहिला फोटो आजही एकट्याचा काढत नाहीत. सरकारी दवाखान्यात बाळ होतं, बाप कौतुकानं मोबाइल बाळाच्या तोंडाशी नेतो, आणि खोलीतली एखादी बाई, मग ती आजी असो, नर्स असो, नाहीतर शेजारच्या खाटेवरची अनोळखी बाळंतीण असो, त्याचा हात धरते. काचबाईचा फोटो आधी, असं म्हणते. मग आईला उठवून बसवतात. केस विस्कटलेले असतात, डोळे सुजलेले असतात, ती लाजते, नको म्हणते, नंतर काढा, बरी झाल्यावर काढा म्हणते. तिचं कुणी ऐकत नाही. तिच्या तोंडावर उजेड येईल अशी खिडकी उघडतात, आणि तिच्याकडं बघत थांबतात.