घंगाळातली तीन डाळिंबं

एका राज्यात तराजू हाच देव होता. खोटं नाही सांगत. मूल जन्मलं की त्याची मिठाने तुला होई. दोघांत वाद पेटला की दोघांचं म्हणणं ताडपत्रांवर लिहीत आणि ताडपत्रं तोलून निवाडा देत. राजा भारसेन तर फूलसुद्धा आधी तोलायचा, मग हुंगायचा.

त्याच्या दरबारी एकदा भुरळ्या नावाचा मांत्रिक आला. त्याने राजाला मोरपीस नजर केलं. त्या पिसाच्या डोळ्यात पाहिलं की उद्याचा दिवस दिसे. राजाने पाहिलं नाही, पारड्यात टाकलं. पारडं हललं नाही.

"हे काहीच भरत नाही," राजा म्हणाला. "परत ने."

मांत्रिकाचा पापड मोडला. "राजा, आजपासून तुझ्या राज्यातला एकही तराजू हलणार नाही. हातालाही जड-हलकं कळणार नाही. लेक तुझ्या डोळ्यांसमोर असेल, पण तुला ओळखू येणार नाही." एवढं बोलून तो धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला. राजकन्या चारुलेखा उभी होती तिथे सोन्याची तीन डाळिंबं पडली होती, एका साच्यातून काढलेली. शेजारी एक टिटवी बसली होती.

"कामं तीन," टिटवी म्हणाली. "पौर्णिमेचा सूर्य मावळेपर्यंत मुदत. तिसरं काम डाळिंब निवडून फोडण्याचं. चुकीचं फुटलं, तर राजकन्या कायमची सोनं."

पंडित आले, सोनार आले. पहिल्याच कामाला सगळ्यांनी हात टेकले. राजाने अन्न सोडलं. पौर्णिमेच्या दुपारी मिठागरातून आवडाई आली. ही राजकन्येची दूधआई. राणी बाळंतपणात गेली, तेव्हा हिने त्या पोरीला छातीशी धरलं होतं. पायांना अजून मिठाचा चिखल होता, तशीच ती दरबारात शिरली.

टिटवीने दोन घंगाळं पुढे आणवली. "एकात गोडं पाणी, एकात खारं. सांग कुठलं कुठलं." चव मांत्रिकाने आधीच काढून घेतली होती. आवडाईने कनवटीचं अंडं काढलं. पहिल्या घंगाळात ते तळाला गेलं, दुसऱ्यात वर आलं आणि डुलत राहिलं.

"खारं हे," ती म्हणाली. "आगरात आम्ही असंच बघतो, पाणी मीठ धरायला पिकलं का ते."

मग टिटवीने लोखंडाचा गोळा दाखवला. "हा पाण्यावर ठेव. लाकूड नको, दोर नको." आवडाईने लोहार बोलावला आणि गोळ्याची खोलगट परात ठोकून घेतली. परात पाण्यावर ठेवली, ती हंसासारखी तरंगली.

राजा आसनावरून उठला. "आवडाई, लोखंड हलकं झालं?"

"गुंजभरही नाही, महाराज. ते तेवढंच आहे, आता जागा जास्त अडवतंय. नुसतं जड किती, हे विचारून भागत नाही. केवढ्या जागेत जड, ते विचारावं लागतं."

उभ्या जन्मात राजाने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

सूर्य खिडकीच्या चौकटीला टेकला होता. आवडाईने तिन्ही डाळिंबं गोड्या पाण्याच्या घंगाळात सोडली. एक टुणकन वर आलं. "हे आतून लाकूड." उरलेली दोन्ही तळाला गेली, आणि दोघांच्या मधून कुठून तरी बारीकसा बुडबुडा निघाला.

"पोर बुडते आहे," राजा ओरडला. "काढ तिला."

"काढली तर ओळखू कशी?" आवडाई म्हणाली. तिने तांब्या घेतला आणि खारं पाणी त्या घंगाळात ओतू लागली. एक तांब्या, दोन, तीन. आठव्या तांब्याला एक डाळिंब तळापासून सुटलं. दुसरं शिशाचं, ते हललंच नाही. सुटलेलं वर आलं आणि पाण्याच्या मधोमध थांबलं, खाली नाही, वर नाही. मग ते किंचित वर चढलं. किंचित खाली उतरलं. पुन्हा वर चढलं.

"श्वास घेते आहे," आवडाई म्हणाली आणि तिथेच रडू लागली.

तिने ते डाळिंब ओंजळीत घेतलं आणि उंबऱ्यावर फोडलं. दाण्यांच्या जागी उजेड निघाला आणि उजेडातून चारुलेखा उभी राहिली, ओल्या केसांनी, ठसकत. टिटवीची वाचा गेली. ती साधी टिव टिव करत मिठागराकडे उडाली. राज्यभरचे तराजू एकदम हलले, आणि भुरळ्या पुन्हा कुणाला दिसला नाही.

राजाने लेकीला पोटाशी धरलं. "मांत्रिकाने तराजूला भूल घातली, हाताला घातली. पाण्याची नुसती चव घेतली, भूल का नाही घातली?"

"पाण्यात कधी काही तोललंत तुम्ही? मग पाणीही तोलतं, हे मांत्रिकाला तरी कसं सुचावं?" आवडाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "ही सहा महिन्यांची होती, तेव्हा आगरातल्या पाण्यावर मी हिला उताणी निजवायची. पाठीखाली माझा हात असायचा. ही कुठल्या पाण्यात बुडते आणि कुठल्या पाण्यात तरते, ते ह्या हाताला ठाऊक आहे."

त्या दिवसापासून दरबारात तराजूशेजारी पाण्याने भरलेलं घंगाळ असतं. मूल जन्मलं की अजूनही मिठाने तुला होते. मग तेच मीठ पाण्यात विरघळवतात, आई मुलाला त्यावर निजवते, आणि पाठीखालचा हात हळूच काढून घेते.