थोरलीचे तळे, धाकटीचे पाणी

थोरल्या आसरडीच्या माळावर एक तळे आहे. चारी बाजूंनी घडीव दगडाच्या पायऱ्या, कोपऱ्यांत दिवे ठेवायला कोनाडे, पूर्वेला गोमुख, आणि मध्ये पाण्याच्या जागी टणटणीची झुडपे व चार शेळ्या. बाहेरगावचे लोक पायऱ्या उतरून फोटो काढतात आणि मग विचारतात, की तळे एवढे देखणे, पण पाणी कुठे आहे?

पाणी आहे. उताराने अर्धा कोस खाली गेले, की धाकटी आसरडी लागते. तिथल्या तळ्याला ना पायरी, ना गोमुख. काठाला नुसता चिखल. पण वैशाखात सुद्धा त्यात म्हशी शिंगांपर्यंत बुडून बसलेल्या असतात.

मोठ्या चुका करायला मोठी गादी लागते, असा आपला समज इतिहासाच्या पुस्तकांनी करून दिला आहे. दिल्लीची राजधानी देवगिरीला आणायची आणि लोक इथे रुळायच्या आत पुन्हा दिल्लीला न्यायची, हे बादशहालाच शोभते. पाटलाच्या घरात झालेली चूक बखरीत जात नाही. ती लोकांच्या तोंडी राहते, आणि बखरीला वाळवी लागली तरी हिला लागत नाही. थोरलीचा पांडबा गुरव पाहुण्यांना जी हकिकत सांगतो, ती अशी.

फार वर्षांपूर्वी थोरलीच्या पाटलांची बायको राहीबाई म्हणून होती. तिची सख्खी धाकटी बहीण सगुणा खाली धाकट्या आसरडीत एका साध्या कुणब्याला दिलेली. एकीला पाटीलकी, वाडा, दारात घोडी. दुसरीला दोन खणांचे घर आणि एक बैल, दुसरा शेजाऱ्याचा. हिशेब उघड होता. पण राहीबाईचा हिशेब माहेरापासून चुकत आलेला होता. लहानपणी बाजारातून आणलेले बत्तासे दोघींना सारखेच मिळत, तरी बापाचा हात सगुणेच्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहतो, हे तिने पाहून ठेवले होते. अशा गोष्टी पाहणारा माणूस पुढे कितीही मोठ्या घरात गेला, तरी पाहतच राहतो.

एका साली पाऊस दडला. थोरलीच्या विहिरी पौषातच तळ दाखवू लागल्या. धाकटीच्या डबक्याला मात्र कुठूनसा बारीक पाझर होता. ते आटले नाही. मग थोरलीच्या बायका रोज उतरून पाण्याला जाऊ लागल्या, आणि एक दिवस पाटलीणबाईंनाही जावे लागले. गावकुसाबाहेरच्यांना दोन्ही गावांत काठावर पाय ठेवायची बंदी होती. त्यांची तहान या हकिकतीत कोणी सांगत नाही.

राहीबाई खाली पोहोचली, तेव्हा सगुणा काठाला उभी होती. तिने बहिणीला पुढे येऊच दिले नाही. म्हणाली, "आक्का, तू कशाला चिखलात उतरतीस? तुझी घागर म्या भरून ठिवलीया."

यात वाईट वाटण्यासारखे काय होते, ते पांडबाला सांगता येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही कळत नाही. राहीबाईला मात्र चांगले कळले. थोरल्या बहिणीने, पाटलाच्या बायकोने, धाकटीच्या हातचे पाणी डोक्यावर घेऊन चढ चढायचा. वर गावातल्या बायका वाटेत म्हणायच्या, पाटलीणबाई, बहीण असावी तर अशी. दुसऱ्या दिवशीही घागर भरलेली. तिसऱ्या दिवशीही. त्या सबंध उन्हाळ्यात राहीबाईचे पाऊल त्या पाण्यात एकदाही पडले नाही. पुढचे सगळे यातूनच निघाले.

धाकटीच्या लोकांना आपल्या डबक्याचा तेव्हा नवाच अभिमान चढला होता. त्याआधी त्यांना कोणी कशाबद्दल विचारले नव्हते. तळे किती खोल, असे थोरलीच्या बायकांनी सहज विचारले, तेव्हा काठावरच्या एका म्हाताऱ्याने चिलीम खाली न ठेवता सांगितले, की सात बाजांची दोरी उसवून पाण्यात सोडली, पण तळ लागला नाही. त्या काळी पाण्याची खोली बाजेच्या, म्हणजे खाटेच्या, दोरीनेच मोजत. सात बाजा म्हणजे पाताळच. बायका हसल्या. राहीबाई हसली नाही. घागर पुढ्यात आयती येत असल्यामुळे तिने पाण्याचा फक्त वरचा रंग पाहिला होता, आणि तो काळाशार होता.

त्या रात्री ती पाटलांना म्हणाली, की आपल्या माळावर तळे खणायचे. पाटील मवाळ माणूस. त्यांनी विचारले, दागिने द्यावे लागतील, चालेल का? तिने अंगावरचे तिथेच उतरवले. मग साती आसरांच्या ठाण्यापुढे जाऊन ती नवस बोलली, तो सगळ्या गावाने ऐकला. "आजपास्नं पीन तर माझ्या तळ्याचं पाणी पीन. धाकटीच्या पाण्याचा थेंब माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा न्हाई." आसरा या पाण्याच्या देवता. त्या बहिणी-बहिणीच असतात. त्यांना काय वाटले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

तळे झाले. पाथरवट लांबून आणवले, पायऱ्या घडवल्या, गोमुख बसवले. तोवर पाटलांच्या घरी ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी आणत. पुढच्या पावसात तळे निम्मे भरले, आणि विशेष म्हणजे ते टिकले. माघ गेला, फाल्गुन गेला, सगळा गाव प्यायला, तरी खालच्या पायऱ्या पाण्यातच होत्या. हकिकत इथे संपली असती, तर थोरलीत आज पाणी असते आणि पांडबाला सांगायला काही नसते.

पण तळे बांधले ते तहानेसाठी थोडेच? राहीबाईने तळ्याची पूजा घातली आणि सगुणेला मुद्दाम बोलावणे धाडले. सगुणा आली. तिने चारी बाजू फिरून पाहिल्या, दगडावरून हात फिरवला, गोमुखाला नमस्कार केला. तोंड भरून कौतुक केले. राहीबाई वाट पाहत होती. काय हवे होते तिला? सगुणेचा चेहरा जरा तरी उतरायला हवा होता. तो काही उतरेना. उलट जाताना ती म्हणाली, की आक्का, आता तू सुखी झालीस, माझ्या जिवाचा घोर गेला.

सगुणा गेल्यावर राहीबाईने बाजेची दोरी सोडून आणवली, टोकाला धोंडा बांधला आणि स्वतः तळ्यात सोडली. एक बाज पुरी व्हायच्या आतच धोंडा टेकला. ती बराच वेळ हातातल्या उरलेल्या दोरीकडे बघत बसली, म्हणे.

चैत्रात तिने तळे खणणारे वडार पुन्हा बोलावले. तळ्यात पाणी असताना? पाटलांनी समजावून पाहिले. "अगं, गावाला पुरंल एवढं हाय. आणिक काय पायजे?"

"पुरंल एवढं तर तिच्याकडंबी हाय," राहीबाई म्हणाली.

पाटलांनी गावातल्या शहाण्यासुरत्या लोकांना पंक्तीला बोलावून विचारले. पाटलीणबाई म्हणतात तर खोली वाढवू, खोल तळे वाईट थोडेच, असे सगळेच म्हणाले. चुकीला विरोध करणारा एक तरी असायला हवा होता, असे आपण आता म्हणतो. तेव्हा तिथे पंक्तीचे जेवण चालू होते.

पाणी एका अंगाला बांध घालून अडवले आणि उघड्या पडलेल्या तळाला पहारी लागल्या. खाली काळा पाषाण लागला. तो पाणी धरून होता, म्हणून तर तळे टिकले होते. पण राहीबाई काठावर बसून विचारायची, झाली का दुसरी बाज? आणि पहारी पुन्हा उचलल्या जायच्या. एका दुपारी पहारीचा आवाज बदलला. दगडावर पडल्यासारखा न येता ढोलावर पडल्यासारखा आला. मग खालून कोणी मोठा सुस्कारा टाकावा तसे झाले आणि खडक आडवा तडकला. माणसे ओरडत पायऱ्यांवर चढली. त्या गडबडीत बांध फुटला, आणि अडवलेले सगळे पाणी, थोरलीचा उन्हाळा काढणारे पाणी, त्या फटीतून गडगडत खाली गेले. राहीबाई पायरीवर उभी होती. शेवटचा घोट जमिनीने घेतला, तो तिने ऐकला.

संध्याकाळी खालून माणूस धावत आला. चांगली बातमी आणली म्हणून त्याला पागोट्याची आशा होती. धाकटीच्या तळ्यात नवा झरा फुटला होता. पाणी काठाबाहेर येऊन चिंचेच्या बुंध्याला लागले होते, आणि तळ असा खचला होता, की म्हशी पोहत होत्या. त्याला पागोटे मिळाले नाही.

जुनी माणसे सांगतात, की साती आसरा त्या फटीतून खाली निघून गेल्या. त्यानंतर आभाळातून थोरलीच्या तळ्यात जे काही पडले, ते रातोरात धाकटीला पोहोचते झाले.

थोरलीच्या बायका दोन दिवसांनी निमूट घागरी घेऊन उतरू लागल्या. पाटलांच्या घराला मात्र नवस आडवा आला. ओढ्याचे झिरे त्या साली आटले. वाड्यातली माणसे एकेक करून दुसरीकडे पाणी पिऊन येऊ लागली. पाटीलसुद्धा शेताच्या निमित्ताने उतारावरून जात आणि ओल्या मिशा पुसत परत येत. राहीबाईने ओळखले. ती स्वतः गढूळ ओंजळभर पाण्यावर राहिली आणि तिला ताप भरला. ओठ फुटले. कोणी घागर जवळ आणली, की ती तोंड फिरवी. वैद्य म्हणाला, औषध आहे, पण ते द्यायला पाणी लागेल.

अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. त्या दिवशी पाण्याने भरलेली घागर दान देतात. सगुणा डोक्यावर घागर घेऊन भर उन्हात चढ चढून आली. राहीबाई वाड्यात नव्हती. ती कोरड्या तळ्याच्या वरच्या पायरीवर घोंगडी पांघरून बसली होती. सगुणेने घागर खाली ठेवली आणि शेजारी टेकली.

"आलीस मिरवायला," राहीबाई म्हणाली. "सात बाजांचं तळं तुझं. आता चौदा बाजांचं झालं."

सगुणेला आधी उमगेचना. मग उमगले, तशी ती बहिणीकडे बघतच राहिली. "सात बाजा? आक्का, कुणी सांगितलं तुला? त्या साली म्या गुडघाभर पाण्यात हुबी ऱ्हाऊन तुझी घागर भरत हुते. तांब्यानं."

समोर दोन बाजा खोल खड्डा होता.

मग सगुणेने घागरीवरचे फडके काढले. "ह्ये घे. तुझा नवस मोडत न्हाई. ह्ये तुझ्याच तळ्याचं पाणी हाय. तू माझ्याकडं ठिवायला दिलंस."

हे ती मायेने बोलली की टोमणा मारला, यावर दोन्ही गावांत अजून एकमत नाही. धाकटीचे लोक म्हणतात, माया. थोरलीचे म्हणतात, टोमणा, दुसरे काय असणार? राहीबाईने बहिणीचा चेहरा नीट निरखून पाहिला, म्हणे. जन्मभर निरखत आली होती, तसाच. मग घागर स्वतः उचलली, तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायली. पाणी गळ्यावरून, छातीवरून ओघळले. घागर खाली ठेवून तिने पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "गोड हाय. असायचंच. माझं हाय."

सगुणेने तोंडाला पदर लावला. ती हसली की रडली, ते पदराआड राहिले.

राहीबाई त्यातून उठली आणि पुष्कळ जगली. दर अक्षय्य तृतीयेला सगुणा घागर आणी, आणि ती पिऊन तेच म्हणे. माणूस सुधारतो, हे आख्यायिकेत सोपे असते. राहीबाईने ती सोय केली नाही. सगुणेचे केस आधी पिकले, तेव्हा पिकलेल्या केसांचे गावात कौतुक होते म्हणून राहीबाई दोन दिवस जेवली नाही.

पुढे एका माघात सगुणा वारली. निरोप आला तेव्हा राहीबाई दळत होती. जात्याचा खुंटा न सोडता ती एवढेच म्हणाली, "तिथंबी माझ्या आधी." मग दळण पुरे केले.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला ती पहाटेपासून तळ्याच्या पायरीवर जाऊन बसली. कोणी येईल, असे गावाला वाटत नव्हते. दुपार कलली, तेव्हा सगुणेच्या सुना घागर घेऊन चढ चढून आल्या. तिने पाणी तोंडाला लावले. मग म्हणाली, माझं हाय. पण गोड हाय, असे त्या दिवशी म्हणाली नाही.

आजही अक्षय्य तृतीयेला धाकटीच्या बायका वाजतगाजत घागर घेऊन वर येतात. थोरलीची सर्वांत वडील सून पायरीवर बसून पहिला घोट घेते आणि खणखणीत आवाजात सांगते, "आमचंच हाय." उरलेले पाणी तळ्यात ओततात. ते झुडपांच्या मुळांशी क्षणभर थांबते आणि फटीतून खाली निघून जाते. धाकटीच्या बायका उत्तर देत नाहीत. तसा रिवाजच आहे. त्या फक्त तोंडाला पदर लावतात, आणि पदराआड काय चालले आहे, हे थोरलीच्या बायका अजून डोळे बारीक करून बघतात.