‘श्रिल’ची चिठ्ठी

“…मग ‘कर्णकर्कश’ यात चुकलं काय, गुरुजी?”

विश्वंभरच्या बोलण्यात नम्रता होती, पण ती ओठांपुरतीच. पुण्यातला प्राध्यापक, त्यात इंग्रजी-मराठी कोशाचा संपादक! चार हजार शब्दांच्या चिठ्ठ्या त्यानं हातावेगळ्या केल्या होत्या. इचलकरंजीत ज्यांच्याकडे तो इंग्रजी शिकला, त्या सातपुते गुरुजींनी नुसतं ‘छान’ म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता.

गुरुजींनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

‘श्रिल : कानात घुसणारा, चिरका, कर्णकर्कश.’ खाली, कोशाच्या शिस्तीप्रमाणे, वापराचं एक वाक्य : ‘त्या बाईचा श्रिल आवाज ऐकून पाहुणे दचकले.’

“अर्थ बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले. “ही बाई कोण?”

“कुणी नाही. उदाहरण आहे.”

“हं…”

गुरुजींनी त्या वाक्याखालून बोट फिरवलं.

“अनसूया कशी आहे रे?”

आता मात्र विश्वंभरची पंचाईत झाली. अनसूया म्हणजे त्याची आई. थकली म्हणून त्यानं तिला पुण्याला नेलं होतं. मध्यंतरी कोशाची मंडळी घरी जेवायला आली, आणि आईनं आतून “भाकरी वाढू काऽऽ?” अशी हाक दिली की एका विद्वानाच्या हातातली आमटीची वाटी सांडली. सगळे हसले. ते गेल्यावर विश्वंभर म्हणाला होता, “आई, इथं माणसं राहतात. हळू बोलत जा.”

आई हळू बोलायला लागली नाही. ती बोलायचीच थांबली.

“बरी आहे,” तो म्हणाला. पण गुरुजींपुढे ते टिकेना. “बोलत नाही, गुरुजी. बारा दिवस झाले. काही विचारलं की नुसती मान हलवते. घर खायला उठतं.”

गुरुजींनी पायांत चपला सरकवल्या.

“चल.”

शेजारीच यंत्रमागांचा कारखाना होता. चोवीस माग एकदम चालू, नुसता खडखडाट. इथंच आईनं बावीस वर्षं कांड्या भरल्या होत्या, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी धोट्यात बसवायचं सूत गुंडाळलं होतं. लहानपणी विश्वंभर तिच्याच पायांशी खेळायचा.

गुरुजींनी टोकाच्या मागाकडे बोट दाखवलं. तिथं सूत तुटलं होतं आणि विणकर पाठमोरा उभा होता. त्याला सांग, अशी त्यांनी हातानंच खूण केली.

विश्वंभरचा आवाज मोठा भारदस्त. सभागृहात त्याला माईक लागत नसे.

“अहो, सूत तुटलंय!”

त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. तो पुन्हा ओरडला, आणखी एकदा ओरडला, घसा बसला. विणकर ढिम्म!

कोपऱ्यात एक म्हातारी कांड्या भरत होती. तिनं जागेवरूनच मान वर केली.

“दादूऽऽ, सूत तुटलं रंऽऽ!”

बारीक, टोकदार आवाज. कापडातून सुई जावी तसा तो त्या खडखडाटातून आरपार गेला. दादू गर्रकन वळला आणि त्यानं माग थांबवला.

विश्वंभर जागच्या जागी उभा राहिला.

असाच आवाज. तो चार वर्षांचा होता. मागातून धोटा सुटून उडाला होता आणि चोवीस मागांच्या वरून आईची हाक आली होती, “इस्वाऽऽ, खाली बस!” तो मटकन बसला. धोटा डोक्यावरून गेला आणि मागच्या भिंतीचा टवका उडाला. इतक्या वर्षांत हे त्याला एकदाही आठवलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आईची फार आठवण आली.

बाहेर आल्यावरही कानांत दडे बसल्यासारखं झालं होतं.

“गुरुजी… ते वाक्य खोडतो. दुसरं कुठलं लिहू?”

गुरुजींनी चिठ्ठीची घडी केली आणि त्याच्या खिशात ठेवली.

“खोडू नकोस. घरी जा, आहे तसं आईला वाचून दाखव… आणि ती जे ओरडेल, ते लिही.”