खारीच्या शेपटीचा वेढा

फार पूर्वी टिटवी खडकावर दोन खुणा मांडायची, एक पान आणि एक खडा. पानावरून कळायचं कोण येतंय, खड्यावरून कळायचं कुठून. खार त्या वाचून हरणांना सांगायची.

एकदा डोंगराकडून मोर येत होता. खारीनं पान वाचलं, पण तेवढ्यात नदीकडून वाघ येताना दिसला आणि टिटवीनं दोन्ही खुणा बदलल्या. खारीनं खडा वाचला तो नवा. "मोर येतोय, नदीकडून," ती ओरडली. हरणं हौसेनं नदीवर गेली आणि वाघापुढे उभी राहिली. वाघ जेवून आला होता, म्हणून निभावलं.

"टिटवीताई, मी वाचताना खुणा हलवू नकोस."

"तू वाचतेयस, हे मला कसं कळणार?"

खारीनं खुणांभोवती शेपटीचा वेढा घातला. "हा असेतोवर थांब."

दुसऱ्याच दिवशी वेढ्यात खारीला डुलकी लागली. टिटवीला खुणा बदलता येईनात, तेव्हा तिनं खारीला टोचून उठवलं. "बाई गं, वेढा वाचण्यापुरताच घाल. मी थांबेन, वाघ थांबायचा नाही."