हलक्या बोटाचा सूर

खूप खूप वर्षांपूर्वी, तुमच्या आजोबांचे आजोबासुद्धा रांगत नव्हते तेव्हा, एका डोंगराळ राज्यात एक पहिलवान राहत होता. अंगात ताकद तरी केवढी! मुठीत धरून नारळ फोडायचा. म्हशीनं वाट अडवली, तर तिलाच खांदा लावून बाजूला सारायचा.

त्याची बायको वीणा वाजवायची. रोज दिवेलागणीला वाजवणं संपवताना ती एक सूर काढायची, देवघरातल्या घंटेसारखा, लांबवर जाणारा. तो कानावर आला, की पहिलवान आखाड्यातली माती झटकून जेवायला घरी निघायचा.

मग एका साथीत ती गेली. घर खायला उठलं. पहिलवानाला ना भूक लागे, ना आखाड्यात मन रमे. "तो सूर एकदा ऐकू दे रे देवा, एकदाच!" असं म्हणून त्यानं वीणा मांडीवर घेतली.

पण त्याला येत होती एकच विद्या, जोर लावायची! ती जिथे बोट ठेवायची तिथेच, तारेच्या बरोबर मध्यावर, त्यानं आपलं जाडजूड बोट दाबलं आणि तार छेडली. ठप्प! नुसता बोदा आवाज. आणखी दाबलं, तार तुटली. दुसरी तुटली. तिसरी तुटताना बोट कापून गेली.

"आई गं!" तो कळवळला. तारा सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं धातू ओढून घडवलेल्या, तशा दुसऱ्या कुठे मिळायच्या नाहीत, आणि ते तर कधीच वारले होते. आता एकच तार उरली होती. ती तुटली, की सूर कायमचा गेला.

आढ्यावर बायकोची लाडकी मैना बसली होती. बाई गेल्यापासून तिनं चोच उघडली नव्हती. ती आज बोलली, हुबेहूब बाईंच्या आवाजात, "दुखतंय का हो?"

पहिलवान जागीच थिजला. कुस्तीत मार खाऊन आला, की बायको अस्संच विचारायची. सुजलेल्या खांद्यावर बोट नुसतं टेकवायची आणि लगेच उचलायची. एवढ्या मोठ्या गड्याला तेवढ्यानंच बरं वाटायचं.

त्यानं डोळे पुसले. उरलेल्या तारेच्या मध्यावर बोट टेकवलं, दाबलं मात्र नाही. "दुखतंय का गं?" असं पुटपुटत त्यानं तार छेडली आणि बोट उचललं.

आणि काय सांगू! तोच सूर! घरभर, अंगणभर, पार आखाड्यापर्यंत गेला.

पहिलवान ढसाढसा रडला. मग उठून त्यानं चूल पेटवली. किती दिवसांनी पोटभर जेवला, मैनेलाही भात घातला.

लहानथोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: आवळून धरलेलं मुकं होतं, हलकेच स्पर्शून सोडलेलं गात राहतं.