राहेलची विरजणाची वाटी

प्रवरेच्या काठी देवढाळे नावाच्या गावात शांतवन महाराज राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. प्रार्थनाघराची ओसरी हेच प्रभू येशूच्या या भक्ताचं घर, आणि दोर वळणं हे काम. उन्हातून कुणी ओसरीवर येऊन टेकलं की महाराज आधी पाणी द्यायचे. प्रभूचं नाव नंतर, तेही समोरच्यानं विचारलं तर. मन लावून ऐका बरं का, कारण ही एका एवढ्याशा वाटीची गोष्ट आहे, आणि त्या वाटीत केवढं मावलं ते शेवटी कळेल!

महाराजांच्या शेजारी राहेल राहायची. नवरा वारलेला, दारात एक म्हैस, आणि अंगात उत्साह तर असा की विचारू नका. तिच्या दह्याला आळीत तोड नव्हती. संध्याकाळी बायका वाटी घेऊन विरजण मागायला यायच्या, आणि राहेल चमचाभर विरजणाबरोबर येशूची अख्खी कथा सांगायची. कथा गोडच होती, पण तोवर घरी तापवलेलं दूध पार गार होऊन जायचं ना!

समोरच बाळोबा अण्णा शेळक्यांचं घर. गावातलं सगळं दूध तेच गोळा करून तालुक्याला धाडायचे, त्यामुळे त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. एकदा चारचौघांत ते हसत म्हणाले, "हिच्या वाटीत दही कमी आणि प्रवचन जास्त. आजपासून तिच्या दारात कुणी जायचं नाही." झालं! त्या दिवसापासून राहेलच्या उंबऱ्याला कुणाचे पाय लागले नाहीत.

राहेल रडत महाराजांकडे आली. आता आपण सांगायचं तरी कुणाला, दारंच बंद झाली, म्हणाली.

महाराजांनी हातातला दोर खाली ठेवला. "राहेल, विरजण लावल्यावर भांडं सारखं हलवून बघतेस का गं?"

"नाही महाराज. दही मोडेल की."

"मग माणसांना का हलवतेस? लावून दे आणि थांब. दही लावणारा प्रभू आहे."

राहेलनं डोळे पुसले. ती रोज दही लावायची, वाटीभर विरजण बाजूला ठेवायची आणि बंद दारांसाठी प्रार्थना करायची. असा अख्खा हिवाळा सरत आला.

माघात अण्णांच्या लेकीचं लग्न निघालं. वऱ्हाडाला पोटभर श्रीखंड वाढीन, असा शब्द अण्णांनी व्याह्यांना देऊन ठेवला होता. राहेलचं दार सोडून आळीतल्या घराघरातून विरजण मागवलं. पण आचाऱ्यानं घाईत ते कढत दुधातच ओतलं! लग्नाच्या आदल्या सकाळी झाकणं काढून पाहिली, तर पातेल्यांत नासकं पाणी. सकाळच्या धारेचं ताजं दूध आलं होतं, पण आळीत विरजणाचा थेंब उरला नव्हता. त्यात थंडी अशी की दही लागायला रात्रसुद्धा पुरली नसती, आणि चक्का तर रात्रीच टांगायला हवा होता. लेकीच्या मांडवातच अण्णांचा शब्द खाली पडणार होता.

अण्णांच्या पत्नी, तुळसाकाकू, मागच्या दारानं राहेलकडे आल्या. पदर तोंडाला लावून "विरजण" एवढंच म्हणाल्या. राहेलला सगळं कळलं. ती धावत महाराजांकडे गेली. आता मात्र अण्णांना चांगलं सुनावते, मग येशूचं सांगते, असं तिचं चाललं होतं.

महाराज म्हणाले, "वाटी घेऊन जा. आज एक शब्द बोलायचा नाही. मनापासून कुणी विचारलं, तरच."

राहेल मांडवात शिरली. अण्णा पातेल्यांपाशी बसले होते. तिच्या हातातली वाटी पाहून म्हणाले, "एवढ्याशानं काय होणार? का तुझा येशू दही लावून देतोय?"

उत्तर राहेलच्या जिभेवर आलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले. प्रत्येक पातेल्यात बोट बुडवून दूध कोमट आहे ना पाहिलं, चमचाभर विरजण घातलं, डोळे मिटले, वरून गोणपाट टाकलं. मग पुढचं पातेलं. तुळसाकाकू पाहत होत्या. चमचा वाटीत जात होता, भरून येत होता, आणि वाटी काही रिकामी होत नव्हती! शेवटचं पातेलं झालं तरी ती होती तशीच. काकूंनी नकळत हात जोडले.

राहेल वाटी तिथंच ठेवून आली तशी गेली.

दिवेलागणीला अण्णांनी भीतभीत गोणपाट उचललं. पातेलं तिरकं केलं, पण दही जागचं हललं नाही. सुरीनं वड्या पाडाव्यात इतकं घट्ट! एकूण एक पातेलं तसंच.

आता आळीची एक रीत होती. शेजारची वाटी आपलं काही घातल्याशिवाय परत करायची नाही. अण्णांनी त्याच वाटीतल्या विरजणावर नव्या दह्याची साय घातली, आणि सगळा मांडव बघत असताना रस्ता ओलांडून प्रार्थनाघराशी आले. राहेल महाराजांजवळ ओसरीवर बसली होती. अण्णांनी वाटी तिच्यापुढे ठेवली आणि महाराजांच्या पायांवर डोकं टेकवलं. महाराजांनी त्यांना उठवून जवळ बसवलं. म्हणाले, "माझ्या नव्हे अण्णा. ज्यानं लावलं, त्याच्या."

 अण्णा राहेलकडे वळले.

"पोरी, पातेल्यापाशी डोळे मिटून मनात काय म्हणत होतीस? मला ऐकायचंय."

राहेलनं महाराजांकडे पाहिलं. महाराज हसले आणि अण्णांसाठी पाणी आणायला आत गेले.