तोंडभर पाणी

"...मग आता माझं करायचं राहिलंय तरी काय, तेवढं सांगा बुवा!"

विश्वंभर तावातावानं बोलत होता. अवधूतबुवांच्या मठात अक्षरांत अडखळणारी पोरं त्याच्याच हाती सोपवलेली. शिकलेला गडी, आणि त्याची थोडी मिजासही होती.

"आठ महिने या धुरपीपुढं डोकं फोडतोय. कधी ओरडलो नाही, छडी तर हातातसुद्धा धरली नाही. पोर अडली रे अडली की लगेच शब्द सांगतो. एवढी माया कोण करतं?"

बुवांनी दाराकडं पाहिलं.

दारात धुरपीचा बाप म्हाकू धनगर काठी टेकून उभा होता. दिवाळी उलटली होती. उद्या पहाटे मेंढरं घेऊन तो कोकणात उतरणार होता.

"वाचाया येतंय का न्हाई, एवढंच सांगा," म्हाकू म्हणाला. "येत आसंल तर आत्याकडं ठिवतो. न्हाईतर कळपामागं चलू द्या. उगा पोरीची हौस कशाला?"

नऊ वर्षांची धुरपी पुस्तक छातीशी धरून बसली होती. या पोरीवर विश्वंभरचा भारी जीव होता.

"वाच गं बाय," बुवा म्हणाले.

"डों..."

"डोंगरावर!" विश्वंभर म्हणाला.

"डोंगरावर," धुरपी म्हणाली. "क... कर..."

"करवंदीची!"

"करवंदीची."

तिची नजर पुस्तकावर नव्हतीच. ती गुरुजींच्या ओठांकडं बघत होती.

बुवांनी तांब्या पुढं सरकवला.

"विश्वंभरा, तोंड भरून पाणी घे. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. पोरीची एक ओळ होईपर्यंत."

"अहो, पण बुवा..."

"घे म्हणतो ना!"

घेतलं बापड्यानं. बुवांनी पुस्तकाचं पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"आयनं," धुरपीनं एका दमात वाचलं. पुढच्या शब्दाला गाडी अडली. सवयीनं तिनं मान वर केली. गुरुजींचे गाल टम्म फुगलेले. तिला खुदकन हसू आलं.

मग हसू ओसरलं. कुणीच काही सांगेना...

तिनं पुस्तकात पाहिलं.

"चु... चुना..."

चुकली! विश्वंभरचा हात वर गेला. बुवांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

म्हाकूनं काठी उचलली. जायलाच निघाला तो. विश्वंभरच्या कपाळावर घाम फुटला. एवढासा शब्द, सांगून टाकला की झालं! देवा, आता गिळतोच हे पाणी... पण बुवांनी मनगट सोडलं नाही.

धुरपीनं आपली आपणच मान हलवली. बोट मागं आणलं.

"चु... ली..."

बोट पुढच्या अक्षरावर थांबलं...

"चुली... व... र. चुलीवर? अगं बया, चुलीवर! आयनं चुलीवर भाकरी टाकली!"

ती उठून उभीच राहिली. आजवर तिचा एवढा मोठा आवाज मठात कुणी ऐकला नव्हता. तीच ओळ तिनं बापाला पुन्हा वाचून दाखवली, मग आणखी एकदा.

म्हाकूनं पटक्याच्या टोकानं डोळे पुसले. "ऱ्हाऊ द्या हितंच," एवढंच म्हणाला आणि लेकीला घेऊन आत्याच्या घराकडं वळला.

विश्वंभरनं अंगणात धावत जाऊन पाणी थुंकलं. धापा टाकत परत आला. आनंद झाला होता, आणि रागही आला होता.

"काय हो ही शिक्षा बुवा! शब्द अगदी ओठाशी आलेला, आणि बोलायची सोय नाही. जीव नुसता घुसमटला माझा!"

बुवांनी त्याचं मनगट पुन्हा हाती घेतलं. त्यावर बोटांचे वळ उठले होते, त्यांवरून त्यांनी हळूच हात फिरवला.

"तुझा घटकाभर घुसमटला, लेका. तिचा आठ महिने."